धुवारी आणि धूर

आमच्या घरात एका शब्दाने फार नुकसान केलं. शब्द साधा, शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडातला. धुवारी. पुण्याकडच्या माणसाला तो कळत नाही, धुकं असं सांगावं लागतं. पण धुकं म्हटलं की त्याला शाल पांघरून डोंगर बघत चहा प्यावासा वाटतो, आणि मला वैताग येतो. आमच्याकडे धुवारी पडली म्हणजे तुरीचा फुलोरा गेला. ऐन फुलावर आलेलं वावर सकाळी ओलंचिंब होतं, मग फुलं गळून पडतात आणि वर्षभराच्या डाळीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. धुवारी ही बघत बसायची गोष्ट नव्हती, बाधायची गोष्ट होती. पिकाला बाधते तशी ती माणसालाही बाधते, असं सगळे धरून चालत.

माझे बाबा भिवापूरकडच्या एका खेड्यातले. घरची शेती भावाभावांत पुरेना म्हणून ते नागपूरच्या एका कापडमिलमध्ये लागले, लग्न करून मायला घेऊन आले, आणि मिलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्यांचा संसार सुरू झाला. मी त्यांची एकुलती. बाबांचं सगळं आयुष्य शहरात गेलं, पण डोकं कायम वावरात. भिंती आणि छपरं यांच्यामध्ये आभाळाची जी पट्टी दिसायची तिच्याकडे बघून ते पावसापाण्याचं बोलत. हिवाळ्यात संध्याकाळी समोरचं घर दिसेनासं झालं की दारात उभे राहून म्हणायचे, "धुवारी पडून राहिली. औंदा तुरीचं काही खरं नाही."

गल्लीत तूर कुठे होती? नाली होती, एक नळ होता, आणि दारोदारी शेगडी होती.

त्या शेगड्यांचं सांगायला हवं, कारण आता गॅसवर वाढलेल्या पोरांना त्यातलं काही ठाऊक नाही. जुनी बादली किंवा तेलाचा डबा घ्यायचा, आतून माती लिंपायची, मध्ये लोखंडी जाळी बसवायची, खाली वाऱ्याला भोक. टालीवर, म्हणजे वखारीत, दगडी कोळसा मिळायचा, पण ढेकळं महाग म्हणून सगळ्या बाया चुरी आणत. चुरीत शेण आणि माती कालवायची आणि लाडवासारखे गोळे वळायचे. उन्हाळ्यात इतरांच्या घरी पोरींना कुरड्या-पापडांवर बसवत, आमच्या गल्लीत गोळ्यांवर बसवत. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची तेव्हा माझ्या नखांतला काळेपणा गेलेला नसायचा आणि मास्तरीणबाई रोज हात पुढे करायला लावून नाक मुरडायच्या. त्यांच्याही घरी शेगडीच असणार, पण गोळे वळायला बाई असेल.

शेगडी घरात पेटवत नसत. खाली गोवरीचे तुकडे, त्यावर राकेलात भिजवलेला बोळा, वर गोळे, आणि काडी लावून शेगडी बाहेर ठेवायची. आधी पिवळट, दाट, घशाला चिकटणारा धूर निघायचा. तो सगळा निघून गेला आणि गोळे लाल झाले की मग कडीला फडकं गुंडाळून शेगडी आत न्यायची. म्हणजे धूर घराबाहेर टाकायची पद्धत होतीच. फक्त प्रत्येकाच्या घराबाहेर दुसऱ्याचं घर होतं. मिलचा भोंगा झाला, पाळी सुटली, की माणूस घरी यायच्या आत चहा झाला पाहिजे म्हणून साऱ्या गल्लीच्या शेगड्या एकदमच पेटत. उन्हाळ्यात तो धूर निदान वर जायचा. थंडीत जात नसे. गार हवा खाली बसते, वरची कोमट हवा झाकण घालते आणि धूर गल्लीतच बसून राहतो, हे मला पुढे कळलं. त्यात मिलची चिमणी, मागच्या रेल्वे यार्डात डबे ढकलणारी वाफेची इंजिनं, आणि कोपऱ्यावर टायर जाळून शेकत बसलेली रिकामटेकडी मंडळी.

दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळी काढलं की करडं झालेलं असायचं. नाक शिंकरलं की काळं. बऱ्याच मोठ्या वयापर्यंत मला वाटायचं, सगळ्या जगाच्या रुमालावर काळंच येतं. डोळे चुरचुरले की आम्ही म्हणायचो, "झोप आली."

माय लग्न होऊन आली तेव्हा खणखणीत आवाजाची होती. वावराच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या बाईला हाक मारायची, असं काकू सांगायची. मी तो आवाज ऐकला नाही. मला आठवते ती माय खोकणारीच. काही हिवाळे नुसता खोकला होता. मग छातीत सूं सूं वाजायला लागलं. मी वरच्या वर्गांत गेले तोवर तिला दोन गोष्टी एका वेळी करता येईनाशा झाल्या होत्या. पाणी आणताना ती बोलत नसे, आणि बोलायचं असलं की घागर खाली ठेवायची. झोपायची तर बसूनच, पाठीला गोधडीची वळकटी लावून.

बाबा तिच्यावर जीव टाकायचे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणालाही त्यांचा राग येईल. मला अजून येतो.

त्यांच्या गावी धुवारी पडायची चिन्हं दिसली की धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ओला काडीकचरा पेटवून धूर करत. धुराची ऊब पिकावर पसरते आणि धुवारी बसत नाही, असा त्यामागचा हिशेब. तो वावरात खरा असेलही. बाबांनी तोच घरात आणला. संध्याकाळी गल्ली पांढरी झाली की ते दार लावायचे, खिडकी लावायचे, उंबऱ्याच्या फटीत पोतं कोंबायचे. मग शेगडी आत. तीही पुरती लाल झालेली नाही, थोडी धुमसती. वर मूठभर कडुनिंबाचा पाला, ओवा. मायला डोक्यावरून पदर घेऊन समोर बसवायचे.

"धूर झाला पायजे," ते मला समजावून सांगायचे. "धुरानंच धुवारी हटते."

माय खोकून खोकून वाकायची. डोळ्यांतून पाणी, तोंड लाल. बाबा पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, "निघू दे, निघू दे. कफ निघून राहिला." आणि माय काय म्हणायची? "तुमी म्हणता तं असंल."

दोघांचंही काय करावं ते कळत नाही अजून. बाहेरच्या धुराला धुवारी म्हणायचं, आणि ती हटवायला घरात धूर करायचा. एवढ्या प्रेमाने कोणी कोणाचा श्वास कोंडला नसेल.

डॉक्टर होते. मिलच्या रस्त्यावरच त्यांचा दवाखाना होता, सज्जन माणूस. इंजेक्शन द्यायचे, पांढऱ्या गोळ्या द्यायचे आणि दरवेळी बजावून सांगायचे, "दमा आहे. थंडी, धूळ, धूर, तिन्हींपासून जपा." बाबांनी त्यातली थंडी तेवढी उचलली. घरी येताना म्हणायचे, "डॉक्टरपण तेच म्हणून राहिला, थंडी बाधली म्हणे." दर कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडेही रांग लावून झाली. खीर चांगली असायची.

मी अकरावीत होते त्या वर्षी मार्गशीर्षात काकांच्या मुलीचं लग्न निघालं. बाबा मायला न्यायला तयार नव्हते. गावची धुवारी म्हणजे खरी, उघड्या रानातली, ती काय सोसणार तिला? पण घरचं लग्न, मोठी काकू रुसल्याशिवाय राहिली नसती. शेवटी मायला स्वेटर, वर शाल, वर घोंगडं आणि कानाला फडकं असं बांधून आम्ही एस.टी.त बसलो. उमरेडच्या पुढे गेल्यावर तिने कानाचं फडकं सोडलं. बाबा ओरडले. तिने पुन्हा बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर माय अंथरुणात नव्हती. बाहेर धुवारी पडली होती. अशी की अंगणातले बैल दिसत नव्हते, नुसत्या त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. पागोळ्यांतून थेंब पडत होते. ओल्या मातीचा वास होता, दुसरा कसलाच नाही. बाबा तोंड न धुताच अंगणात येरझारा घालत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "कोठी गेली वं तुझी माय? अशा धुवारीत?"

आम्ही दोघं विहिरीच्या वाटेला लागलो. थोडं गेलो तर पुढून दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं. एक काकू. दुसरा आवाज मला ओळखू येईना. भरभर, हसत, मध्येच टोमणा मारत बोलणारा आवाज. मग पांढऱ्यातून दोघी बाहेर आल्या आणि दुसरी माय होती. डोक्यावर भरलेली घागर. ना शाल ना घोंगडं. ती चालत होती आणि बोलत होती. दोन्ही एकदम.

मी वाटेतच उभी राहिले. रडू आलं आणि रागही आला, दोन्हींचं कारण तेव्हा धड सांगता आलं नसतं.

"झोप लागली रात्री," माय बाबांना म्हणाली. "आडवी झोपली मी. खरंच."

तीन सकाळी धुवारी पडली आणि तिन्ही सकाळी ती विहिरीवर गेली. तिसऱ्या दिवशी मी बाबांना विचारलं. चारचौघांत विचारायला नको होतं, पण तेवढा पोच असता तर ती मी कसली. म्हटलं, "बाबा, ही धुवारी ना? मंग आपल्या गल्लीत पडते ते काय असते?"

काका हसले. बाबांचा चेहरा काळवंडला. "लय शिकवून राहिले तुले शाळेत," एवढंच म्हणाले आणि उठून बैलांकडे गेले. परतताना एस.टी. नागपूरच्या तोंडाशी, दिघोरीच्या नाक्याशी आली तोवर माय गप्प झाली होती. गल्लीत शिरलो तेव्हा भोंगा होऊन गेलेला होता. पहिला खोकला तिने नळापाशी खोकला.

बाबा पुढे बरेच दिवस घुम्यासारखे वागले. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मग एका संध्याकाळी, माय पेटवायला बसली असताना, त्यांनी तिच्या हातून शेगडी घेतली, पार नालीच्या टोकाला नेऊन ठेवली, आणि सगळा धूर निघून जाईपर्यंत स्वतः तोंडाला उपरणं बांधून तिच्याजवळ उभे राहिले. लाल झाल्यावरच आत आणली. दार उघडं ठेवलं. "धुवारी आत येईल ना," माय म्हणाली. बाबांनी दार तसंच राहू दिलं. चुकलो असं म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. पण त्या दिवसापासून तो शब्द गल्लीपुरता त्यांच्या तोंडातून गेला.

मग त्यांनी वातीचा स्टोव्ह आणला. घरातला धूर थांबला आणि तेव्हाच कळलं की आमचा धूर म्हणजे गल्लीतला चिमूटभर. बाकीचा होता तसाच दारातून, खिडकीतून, कौलांच्या सांदीतून येत राहिला. बाबा घरोघर सांगत फिरले. शेगड्या नालीच्या टोकाला पेटवा, किंवा थोड्या आगेमागे पेटवा, सगळ्या एकदम नको. जन्मभर कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस, दारोदार जाऊन धुराबद्दल बोलू लागला. लोक ऐकून घ्यायचे. समोरची बाई मात्र तोंडावर बोलली. तिला चार पोरं, नवरा मिलमध्येच, रात्रपाळीला.

"काहून जी काका," ती म्हणाली, "तुमच्या घरी स्टो आला तं आमचा धूर दिसून राहिला काय? परवापरवापर्यंत तं धुवारी होती म्हणे."

बाई खोटं बोलत नव्हती. शिवाय तिच्या धाकट्या पोराचं नाक बारमाही वाहायचं आणि छाती वाजायची. ती तिला पोराची प्रकृती वाटायची, जशी आम्हाला मायची वाटत होती. आणि भोंग्याच्या आगेमागे कोण पेटवणार? माणूस थकून आला की त्याला चहा लागतो. राकेलही राशनवर. महिना सरत आला की आमचाच स्टोव्ह कोरडा पडायचा आणि कोपऱ्यातली शेगडी पुन्हा बाहेर निघायची. तेव्हा समोरची बाई दारात उभी राहून नुसती बघायची. गॅससाठी नंबर लावला होता. तो कधी लागेल हे विचारायला गेलं की काउंटरवरचा माणूस आधी हसायचा.

अशी वर्षं गेली. मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले. लग्नाचं जमत गेलं, मोडत गेलं, मग मीच तो विषय बंद केला. मिल कधी चालू कधी बंद असं व्हायला लागलं आणि बाबा निवृत्त होऊन घरी बसले. मायला आता हिवाळाच नको वाटायचा. दसरा झाला की ती गप्प व्हायची, परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखी.

बाबांच्या मनात एकच होतं, हिला यातून बाहेर काढायचं. ऐंशीनंतर शहराच्या दक्षिणेला, हुडकेश्वर, बेसा या बाजूला शेतांचे प्लॉट पडायला लागले. एका श्रावणात आम्ही तिघं हुडकेश्वरकडे प्लॉट बघायला गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. जिकडेतिकडे हिरवं, रस्ता चिखलाचा, पलीकडे पाण्याने भरलेले चौकोनी खड्डे आणि त्यांत बगळे. मधूनमधून लाल मातीचे ढीग. बाबांनी खाली वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली. "माती चांगली आहे," म्हणाले. माय उभी राहिली आणि तिने लांब श्वास घेतला. असा की आम्हा दोघांना तो ऐकू आला. बाबांनी प्लॉट तिथेच पक्का केला. वेगळी चौकशी कोण करतो?

पैसे जमवून, पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर, ठेकेदाराकडून दोन खोल्या बांधून घेतल्या, वर टिनं. गॅसचा नंबरही त्याच सुमारास लागला, हे एक नवलच. त्याच पावसाळ्यात राहायला गेलो. मायने दारात दोडका लावला, वाल लावला. आठवडाभरात तिचं छातीतलं वाजणं कमी झालं. ती मला पुन्हा बोलू लागली, म्हणजे रागावू लागली. केस नीट बांधत नाही, पोळी जाड करते, असं चालता चालता सुनवायची आणि मी आनंदाने ऐकून घ्यायची. कोजागिरीला नुसती खीर प्यायलो.

दिवाळी झाली आणि खड्ड्यांतलं पाणी आटलं. मग माणसं आली, बायका-पोरांसकट, आणि ते लाल मातीचे ढीग कालवायला लागली. कच्च्या विटांच्या रांगा वाळत पडल्या. त्या रचून त्यांत कोळशाची चुरी आणि कोंडा भरला, आणि एके दिवशी पेटवलं. आम्ही ज्यांना खड्डे समजलो त्या विटाभट्ट्या होत्या. पावसाळ्यात बंद असतात, दिवाळीपासून मिरगापर्यंत धुमसतात. शेगडी निदान घटकाभरात लाल व्हायची. भट्टी एकदा पेटली की दिवसच्या दिवस, आतल्या आत, मुक्यानं जळते. आणि वाराही त्याच बाजूचा.

मायला पहिला झटका आला त्या सकाळी बाहेर पांढरं पडलं होतं. मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. ते चप्पल घालून भट्टीवर गेले. मी मागोमाग गेले, भांडण झालं तर म्हणून. भांडण झालं नाही. भट्टीवाला तरुण, अदबशीर माणूस. खाट झटकून दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुमच्या घराले विटा कोणाच्या लागल्या?" त्याने विचारलं.

विटा त्याच्याच होत्या. ठेकेदाराने बैलगाडीने आणल्या होत्या आणि जवळच्या जवळ मिळाल्या म्हणून, कुठून ते न विचारता, आम्ही खूश झालो होतो.

"लोकं घरं बांधून राहिले, मी विटा करून राहिलो," तो म्हणाला. उर्मटपणे नाही. "मी बंद केलं तं तो बाजूवाला करन. तुमीच सांगा मी काय करू." मग म्हणाला, "काकूले गावाले न्या ना हिवाळ्यापुरतं." गावी आता काका नव्हते, घर पुतण्यांचं. पाहुण्यासारखं चार दिवस राहता येतं, हिवाळाभर नाही. बाबांनी चहा संपवला आणि आम्ही परत आलो. वाटेत ते एकदाच बोलले. "बाई, मी पावसाळ्यात पायलं गा सारं." मला गा म्हणाले, पुरुषाला म्हणतात तसं, चुकून. इतकं गोंधळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुन्हा हलायला पैसा नव्हता आणि उमेद तर त्याहून नव्हती. थकलो होतो आम्ही. धुरापासून पळायचं तर कुठवर पळायचं? तिकडे जुन्या गल्लीत म्हणे घरोघर गॅस आला, शेगड्या भंगारात गेल्या. समोरची बाई एकदा भेटायला आली तेव्हा तिनेच सांगितलं. हिणवून नाही, खरंच वाईट वाटून सांगितलं. माय तिला सोडेना. जेवून जा, राहून जा, असं धरून बसली. ती गेल्यावर माय दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

कारण या नव्या घरी दुसरं दुखणं होतं, माणसांचं. आमच्या आजूबाजूला नुसते चुन्याने आखलेले प्लॉट. मी शाळेत, बाबा मुळात कमी बोलणारे. गल्लीत मायला श्वास नव्हता पण दिवसभर कोणीतरी दारात असायचं. इथे भट्टीवर कामाला येणाऱ्या बाया सोडल्या तर दिवसभर कोणी दिसायचं नाही. कोणी प्लॉट बघायला आलं की माय ओट्यावर यायची, पाणी द्यायची, कुठले, किती जण, पोरं किती, विचारायची. "हे घेतील वाटते," म्हणायची. शेजार तिला हवा होता. तो येणार विटांनी, आणि विटा येणार भट्टीतून, हे तिला चांगलं कळत होतं. तरी हवा होता.

माय गेली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. भाद्रपद असावा, सगळं हिरवंगार होतं. आमच्या लगतचा प्लॉट बघायला एक जोडपं स्कूटरवर आलं. बाईच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाची मुलगी. शहरातल्या महाल भागात, दाट वस्तीत राहत होते. मायने ओट्यावर सतरंजी टाकली. मुलीला मांडीवर घेतलं. पोरगी तिच्या बांगड्यांशी खेळायला लागली आणि मायच्या तोंडावर जे सुख दिसलं ते मला फार वर्षांत दिसलं नव्हतं. बाई बोलकी होती, मायसारखीच. अर्ध्या तासात दोघी पाठच्या बहिणी असल्यासारख्या बोलायला लागल्या.

मग ती बाई म्हणाली, "हिच्यासाठीच घेऊन राहिलो जी काकू. छाती भरते हिची. डॉक्टर म्हणे मोकळ्या हवेत राहा. इथली हवा कशी आहे?"

तिचा नवरा बाबांकडे बघत होता. बाबांनी खड्ड्यांकडे बघितलं. पाणी, बगळे. म्हणाले, "आता तं मोकळीच आहे." खोटं नव्हतं. आपली बायको रात्रंदिवस एकटी बसते हे त्यांना दिसत होतं, म्हणून त्यांनी तेवढंच म्हटलं. मीही तोंड उघडलं नाही. मलाही मायला शेजार मिळायला हवा होता.

मायने मुलीच्या पाठीला कान लावला. थोडा वेळ ऐकलं. मग मुलीला तिच्या आईकडे दिलं.

"आत्ता नको घेऊ वं," ती म्हणाली. "दिवाळी झाल्यावर येऊन पाय. मंग ठरव."

बाई गोंधळली. "काहून जी?"

"ये तं खरी. चहाले ये."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते आले. माय ओट्यावर वळकटीला टेकून बसली होती. दोन्ही भट्ट्या पेटलेल्या होत्या. तिला लांबूनच स्कूटर ओळखू आली. मला म्हणाली, "चहा ठेव. आले ते." मी आत वळले तोवर स्कूटर वळणावरच थांबली होती. नवरा नुसता भट्ट्यांकडे बघत राहिला. बाईने पदर ओढून मुलीचं तोंड झाकलं. आमच्याकडे बघून तिने हात जोडल्यासारखं केलं, किंवा मला तसं वाटलं. स्कूटर वळली आणि परत गेली.

"बरं झालं," माय म्हणाली. मग रिकाम्या वळणाकडे बघत म्हणाली, "गोड होतं वं लेकरू."

आणि तिला रडू फुटलं. मी शेजारी बसून तिची पाठ धरली. पण रडायलाही श्वास लागतो, आणि तेवढा तिच्याकडे नव्हता. दोन हुंदके दिले आणि ती थांबली.